हवेत सुटलेला बॉल

बॉल घेऊन उडालात तर बॉल सोडूनच खाली यायचं. बॉलसकट उडालात आणि बॉलसकट उतरलात की ट्रॅव्हलिंग. शिट्टी वाजणार, बॉल समोरच्यांना. बास्केटबॉलमधला हा नियम आमच्या पी.टी.च्या सरांनी आम्हाला एवढाच शिकवला, कारण त्यांना तो एवढाच येत होता. भिवंडीत त्यापुढचं सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. हवेत असताना बॉल हातातून निसटला तर काय, समोरचीने थापटून उडवला तर काय, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही. मग हाच प्रश्न जिल्ह्याच्या फायनलमध्ये समोर आला, आणि उत्तर ज्याने द्यायचं त्याने ते चुकीचं दिलं. ही हकीकत मी कोणाला सांगायला गेले की समोरचा म्हणतो, "शाळेतली मॅच होती ना? किती वर्षं धरून बसणार?" म्हणून मी सांगणंच सोडून दिलं होतं.

आमचं घर भिवंडीजवळच्या राहनाळचं. आजोबा भात लावायचे आणि खाडीत जाळं टाकायचे. वडिलांच्या वेळी त्याच शेतांवर गोडाऊनं उभी राहिली. मी नववीत होते, दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, तेव्हा आमचं एक नवं गोडाऊन बरेच महिने रिकामं पडून होतं. शाळेचं मैदान शहरात. सिमेंटला भेगा, एका बाजूची रिंग वाकलेली, पावसाळ्यात सगळं शेवाळ. मी वडिलांच्या मागे लागले की रिकाम्या गोडाऊनमध्ये आम्हाला खेळू द्या. ते म्हणाले, "खेला काय खेलायचा हाय ते. भाडोत्री आला का लगेच भायेर निघायचा." मी तेवढ्यावर खूश झाले. गेटं बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडून एक रिंग करून घेतली आणि आतल्या लोखंडी खांबाला जोडून टाकली.

तिथली फरशी इतकी गुळगुळीत होती की बॉल टप्पा खाऊन सरळ हातात यायचा. पत्र्याखाली आवाज मात्र घुमायचा. बाहेर ट्रक मागे घेणाऱ्यांची आरडाओरड आणि आत आमच्या बुटांचं किंचाळणं. आमच्या टीममध्ये निम्म्या मुली माझ्यासारख्या गावच्या, निम्म्या शहरातल्या लूमच्या गल्ल्यांमधल्या. त्यातली एक माझी मैत्रीण. तिच्याचबद्दल हे लिहिते आहे.

ती तेलुगू विणकरांच्या घरातली. वडील पॉवरलूमवर कामाला, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, आणि खेळताना तोंडाला येईल ती भाषा. उंच, काटकुळी, हात गुडघ्यापर्यंत येतील असं वाटावं इतके लांब. तिला बॉल दिला की ती उडायची, आणि बाकीच्या मुली जिथे खाली यायला लागतात तिथे ती वरच असायची. वर गेल्यावर ती ठरवायची, टाकायचा की पास द्यायचा. मी तिला एकदा विचारलं, "तुला भीती नाही वाटत, ट्रॅव्हलिंग होईल म्हणून?" ती म्हणाली, "खाली येईपर्यंत टाईम असतो ना." जणू कोणालाही असतो.

माझी आई खेळ झाल्यावर आम्हाला घरी नेऊन जेवायला वाढायची. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मैत्रीण दोन्ही हातांनी खायची. आई म्हणायची, "हिच्या आंगाला काय लागतच न्हाय. सगला उड्या मारन्यात जातो."

दहावीच्या वर्षी आमची टीम पहिल्यांदा जिल्हा पातळीवर पुढे पुढे जाऊ लागली. सरांना स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. तोवर शाळेने कबड्डीशिवाय कशात कप पाहिला नव्हता. त्याच सुमाराला मैत्रिणीच्या घरी तिच्या लग्नाचं ठरत आलं. गावाकडे तिच्या मामाचा मुलगा होता. दहावी झाली की तिला गावी पाठवायचं. हे तिने मला इतक्या सहज सांगितलं की मला राग आला.

"आणि खेळ?" मी म्हटलं.

"तिकडे कुठे ग्राउंड आहे," ती म्हणाली.

मीच सरांना सांगितलं. एका दुपारी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. एकच खोली, शेजारी लूमचा कारखाना, त्यामुळे भिंतीसुद्धा थरथरायच्या. तिचे वडील रातपाळी करून आले होते आणि झोपेतून उठून बसले होते. केसांत कापसाचा भुगा. त्यांनी सरांना पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली बसले. सर म्हणाले, "जिल्हा जिंकला तर ठाण्याचं एक कॉलेज हिला घेणार आहे. मी बोललोय त्यांच्याशी. फी नाही, राहायची सोय होईल. खेळाडूंच्या राखीव जागेवर."

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. मग सरांना म्हणाले, "सर, मैं पढा नहीं. लडकी अच्छा खेलती है, सब बोलते हैं. जीत गयी तो भेजूँगा. मैं जबान देता हूँ. नहीं जीती, तो फिर मेरे को कोई कुछ नहीं बोलने का."

सर म्हणाले, "मंजूर."

त्या एका शब्दाचा मला अजून राग येतो. कोणाला विचारून मंजूर? पण मैत्रीण आनंदाने फुलून गेली होती. परत येताना ती आम्हाला नाक्यापर्यंत सोडायला आली आणि अख्खा रस्ता उड्या मारत चालली.

फायनल ठाण्यात होती. समोर ठाण्याचीच एक मोठी शाळा. त्यांच्याकडे स्वतःचा कोच होता, एकसारखे बूट होते, पाणी द्यायलाही एक बाई होती. आम्ही माझ्या काकांच्या टेम्पोतून गेलो. मैत्रिणीचे वडील त्या दिवशी ड्युटी बुडवून आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते कडेच्या पायरीवर बसले. त्यांनी याआधी तिला खेळताना कधीच पाहिलं नव्हतं. मॅच सुरू झाल्यावर थोड्याच वेळात ते उभे राहिले आणि मग शेवटपर्यंत उभेच होते. मुलगी उडाली की त्यांची मान वर जायची आणि तोंड किंचित उघडं राहायचं.

आम्ही चांगलं खेळलो. कधी ते पुढे, कधी आम्ही. शेवटच्या काही सेकंदांत आम्ही एका गुणाने मागे होतो आणि बॉल आमच्याकडे होता. मी कॅप्टन. मी बॉल आत मैत्रिणीकडे दिला आणि तिच्या उजव्या अंगाला सरकले, हातभर अंतरावर. पुढचं मी अगदी जवळून पाहिलं आहे.

ती रिंगखाली होती, बॉल दोन्ही हातांत. ती उडाली. समोरची मुलगीही उडाली आणि तिने वरून बॉलवर जोरात पंजा मारला. चापट मारल्यासारखा आवाज झाला. बॉल मैत्रिणीच्या हातातून सुटला. निव्वळ सुटला, वर उडाला, तिच्या डोक्याच्याही वर. ती रिकाम्या हातांनी खाली आली. तिचे पाय जमिनीला लागले तेवढ्यात बॉल खाली येत होता, तिने तो परत पकडला, पुन्हा उडाली आणि टाकला. बॉल बोर्डाला लागून आत गेला.

शिट्टी आधीच वाजली होती.

शिट्टी वाजवणारा रेफ्री मैदानाच्या मधल्या बाजूला, मैत्रिणीच्या पाठीमागे होता. त्याने दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या. ट्रॅव्हलिंग. बास्केट रद्द, बॉल त्यांना. त्याला तिची पाठ दिसली होती, ती वर गेलेली दिसली होती आणि खाली आली तेव्हा हातात बॉल दिसला होता. मधलं त्याला दिसलंच नव्हतं. बोर्डाखाली दुसरा रेफ्री होता, तरुण, नवा असावा. त्याने सगळं समोरून पाहिलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला.

रेफ्रीशी फक्त कॅप्टनने बोलायचं असतं. मी गेले.

"सर, बॉल तिच्या हातात नव्हता. त्या मुलीने मारला, तो सुटला."

"उडाली ना बॉल घेऊन?" तो म्हणाला.

"हो सर, पण..."

"आणि खाली आली तेव्हा बॉल हातात होता की नाही?"

"तो उतरल्यावर परत पकडला, सर, मध्ये सुटला होता. त्या मुलीचा हात लागला. आवाजसुद्धा झाला."

"उडाली, उतरली, बॉल हातात. ट्रॅव्हलिंग. जा, खेळ."

"सर, तुम्ही त्या दुसऱ्या सरांना विचारा ना. त्यांनी समोरून बघितलंय."

त्याचा चेहरा तेव्हा बदलला. तोवर तो एक दमलेला, उन्हाने रापलेला, साधा माणूस होता. "तू मला नियम शिकवतेस?" तो म्हणाला, आणि हाताची टी करून त्याने मला टेक्निकल फाउल दिला. म्हणजे त्यांना फ्री थ्रो, आणि वर बॉलही त्यांचाच. मॅच तिथेच संपली. उरलेले सेकंद त्या मुलींनी बॉल आपसात फिरवत घालवले.

मी सरांकडे धावले. म्हटलं, सर, तुम्ही तक्रार करा, अजून वेळ आहे. सर माझ्यावरच खेकसले. "रेफ्रीशी वाद घालतेस? चल, आधी माफी माग त्यांची." माझा दंड धरून ते मला रेफ्रीसमोर घेऊन गेले. मी माफी मागितली. रेफ्रीने माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि सरांना म्हणाला, "पोरी चांगल्या खेळतात तुमच्या. बेसिक शिकवा जरा." सर हसले. परत येताना ते मला हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षीही हाच माणूस आपल्या मॅचला असतो. तुझं काय, तू पास होऊन जाशील. मला इथंच राहायचंय."

पुष्कळ जण तेव्हा म्हणाले की रेफ्री विकला गेला होता. मला तसं वाटत नाही. तो विकला गेला असता तर मला हे सोसायला सोपं गेलं असतं. त्याने फक्त चुकीची शिट्टी वाजवली होती, आणि वाजलेली शिट्टी एका शाळेच्या पोरीसमोर मागे घेण्याची त्याची तयारी नव्हती.

टेम्पोत मागे आम्ही सगळ्या दाटीने बसलो होतो. एक-दोघी रडत होत्या. मैत्रिणीचे वडील पुढे बसायला तयार नव्हते, ते मागेच आमच्यात बसले, मुलीच्या शेजारी. माजिवड्याच्या पुढे ट्राफिक लागला तेव्हा ते म्हणाले, "बेटा, तू बहुत अच्छा खेला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पर साहब ने सीटी मारी."

मी न राहवून बोलले, "काका, सीटी गलत थी. उसके हाथ में बॉल नहीं था."

ते माझ्याकडे पाहून मान हलवत राहिले, जसं लहान मुलाचं ऐकून घेतात तसं. "वो लोग पढे हुए रहते हैं, बेटी. नियम उनको मालूम रहता है. तुम्हारे सर भी तो माफी माँगने को बोले."

 मी मैत्रिणीकडे पाहिलं, म्हटलं आता ही तरी बोलेल. तिला तर माहीत होतं. तिचेच हात होते. ती स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. मग म्हणाली, "काय माहीत. असेल पण हातात."

"नव्हता!"

"तू बाजूला होतीस," ती म्हणाली. "मला पण नीट आठवत नाही आता."

तासाभरापूर्वीची गोष्ट. तिला आठवत नव्हतं. रेफ्रीने सांगितलं, सरांनी सांगितलं, बापाने सांगितलं, आणि तिने ते मानून घेतलं.

तिच्या वडिलांनी शब्द पाळला. त्यांनी जिंकल्यावर पाठवीन म्हटलं होतं, आम्ही जिंकलो नव्हतो. सर पुन्हा त्या घरी गेले नाहीत. मी एकटी गेले, तेव्हा तिच्या आईने मला चहा दिला आणि लग्नासाठी आणलेल्या साड्या दाखवल्या. मैत्रीण कोपऱ्यात बसून अभ्यास करत होती. दहावीची परीक्षा तिने दिली. निकालाच्या दिवशी ती इथे नव्हती, तिची मार्कशीट मी शाळेतून घेऊन तिच्या घरी पोचवली. तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते.

मी ठाण्याच्या त्याच कॉलेजात गेले. फी माफ वगैरे काही नाही, वडिलांनी भरली. त्यांना ते जड नव्हतं. फायनल हरले म्हणून माझं काहीच अडलं नाही, हे मला कॉलेजात रोज जाणवायचं. तिथल्या टीममध्ये मी बहुतेक वेळ बाकावर बसायचे. बाकावर बसून मी समोरच्या उंच मुलींच्या उड्या बघायचे आणि मनात म्हणायचे, हिच्यापेक्षा ती वर जायची.

पुढे मी शारीरिक शिक्षणाचं शिक्षण घेतलं आणि भिवंडीतच एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका झाले. दशक संपत आलं होतं. गोडाऊनांची रांग तोवर राहनाळवरून शेजारच्या पूर्णा गावापर्यंत जाऊन भिडली होती आणि आमच्या घरासमोरून रात्रंदिवस कंटेनर जायचे. शाळेने मला रेफ्रीच्या शिबिराला पाठवलं. ठाण्यात, एका शाळेच्या हॉलमध्ये, दिवाळीच्या सुट्टीत. पहिल्या सकाळी शिकवायला जो माणूस उभा राहिला त्याला मी आवाजावरून ओळखलं. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. आता तो नव्या रेफ्रींना घडवत होता.

त्याने मला ओळखलं नाही. का ओळखावं?

आणि तो उत्तम शिकवत होता, हे कबूल करायला मला जिवावर येतं. दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हलिंगचा विषय निघाला. त्याने एका मुलाला पुढे बोलावलं, हातात बॉल दिला आणि म्हणाला, "सगळे फक्त पाय बघतात. आधी हात बघा. नियमातला मुख्य शब्द आहे ताबा. बॉलवर ताबा असेल तरच ट्रॅव्हलिंग. खेळाडू बॉल घेऊन उडाला, तसाच बॉल धरून उतरला, ट्रॅव्हलिंग. उडाला, समोरच्याने पण बॉल घट्ट धरला, दोघं तसेच खाली आले, ट्रॅव्हलिंग नाही, जंप बॉल. उडाला आणि हवेतून मुद्दाम बॉल खाली टाकून ड्रिबल सुरू केला, ट्रॅव्हलिंग. आणि उडाला, आणि हवेतच बॉल सुटला?"

 मी हात वर केला.

"सर, बॉल घेऊन मुलगी उडाली. समोरचीने वरून थापट मारली. बॉल हातातून सुटून वर उडाला. मुलगी रिकाम्या हातांनी उतरली, तोच बॉल तिने परत पकडला, पुन्हा उडून बास्केट केला. काय द्यायचं?"

त्याचा चेहरा उजळला. शिक्षकाला चांगला प्रश्न आला की होतो तसा. "काय द्यायचं? काही नाही! प्ले ऑन. थापट लागली, बॉल सुटला, तिथे ताबा संपला. आता तो बॉल कोणाचाच नाही. जो पकडेल त्याचा. तिने पकडला, नवा ताबा, पावलं नव्याने मोजा. ती ड्रिबलसुद्धा करू शकते. बास्केट धरा. नुसता तिच्याच हातून घसरला असता, कोणी हात न लावता, तरी तिला उचलायची मुभा आहे. फक्त ते मुद्दाम केलं नाही ना, एवढं बघायचं." मग तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "अशा ठिकाणी नवा रेफ्री हमखास फसतो. त्याला वर गेलेला दिसतो, खाली आलेला दिसतो, मधलं दिसत नाही. न दिसलेल्या गोष्टीची शिट्टी कधी मारायची नाही."

चहाच्या सुट्टीत मी त्याच्याजवळ गेले.

"सर, तो मघाचा बास्केट खरंच झाला होता. जिल्ह्याच्या फायनलला. रद्द केला होता."

"ट्रॅव्हलिंग दिलं?" त्याने कप खाली ठेवला. "कोणता रेफ्री होता?"

"तुम्ही."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. मी शाळेचं गाव सांगितलं, वर्ष सांगितलं, कॅप्टनला टेक्निकल दिला होता तेही सांगितलं. त्याला काहीही आठवत नव्हतं. नाटक नव्हतं ते, खरंच आठवत नव्हतं. त्याने आयुष्यात किती मॅचेस केल्या असतील. मग तो हसला आणि म्हणाला, "मला तेव्हा तसं दिसलं असेल. होतं असं. शालेय होती ना? बरं झालं नॅशनल नव्हती."

"त्या मुलीचं शिक्षण सुटलं, सर. जिंकली असती तर..."

"हे बघा मॅडम," त्याने मला मध्येच थांबवलं, आवाज मऊ करून, "एका मॅचने कोणाचं आयुष्य घडत नाही आणि बिघडत नाही. हे डोक्यात ठेवून शिट्टी धरलीत तर तुमचा हात थरथरेल. सोडून द्या." आणि त्याने बिस्किटांची ताटली माझ्यापुढे केली.

मी एक बिस्किट घेतलं. काय करायला हवं होतं, हे मला आजही सुचत नाही. शिबिर संपताना त्याने मला प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यांत वर ठेवलं आणि सर्वांसमोर माझं कौतुक केलं. मी टाळ्या ऐकून घेतल्या.

आमचे जुने सर निवृत्त होऊन भिवंडीतच राहत होते. त्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "असं आहे होय? मला वाटायचं उतरलं की ट्रॅव्हलिंगच." मग बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, हिला सरबत दे."

मैत्रीण तोवर भिवंडीत परत आली होती. गावाकडे काम नव्हतं, म्हणून तिचा नवरा इथे लूमवर लागला होता, आणि ती घरी बसून लूमसाठी चाकावर सुताच्या कांड्या भरायची. दोन मुलं. अधूनमधून मी तिला भेटत असे. तेव्हा आम्ही मुलांबद्दल, भाजीबद्दल, लाईट जाण्याबद्दल बोलायचो. खेळाचा विषय कधी निघायचा नाही. शिबिराहून आल्यावर मी रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी दुपारी तिच्याकडे गेले. मला वाटत होतं मी तिच्यासाठी काहीतरी घेऊन चालले आहे.

ती दारात बसून कांड्या भरत होती. मी सगळं सांगितलं. तो रेफ्री, तो शब्द, ताबा, आणि त्याच्याच तोंडून आलेलं उत्तर. "तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. "बास्केट धरायला हवा होता. आपण जिंकलो होतो."

तिचं चाक फिरायचं थांबलं. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी तिच्या घरात येऊन काही फोडलं असावं.

"हे कशाला सांगितलंस?" ती म्हणाली.

"म्हणजे? तुला माहीत नको?"

"इतके साल मैं यही सोचती रही कि मेरी गलती थी." ती हिंदीत बोलायला लागली, म्हणजे चिडली होती. "मी चुकले, म्हणून हरलो, म्हणून लग्न झालं. ठीक आहे. चुकलं तर भोगायला लागतं. मी कोणाला काही बोलले नाही. बाप को नहीं बोली, किसीको नहीं. मेरी गलती थी तो मैं चुप बैठ सकती थी." तिने चाकाला हात लावला आणि परत काढला. "आता मी काय करू? बोल ना. आता कोणाला जाऊन बोलू?"

मी म्हटलं, "मला वाटलं तुला बरं वाटेल."

"तुला बरं वाटलं ना?" ती म्हणाली.

आतून तिची मुलगी आली आणि काहीतरी मागू लागली. मैत्रीण तिच्यावर तेलुगूत ओरडली, इतक्या जोरात की पोर रडायला लागली. मी मुलीला जवळ घ्यायला हात पुढे केला तर मैत्रिणीने तिला ओढून आत नेलं. मी दारातच उभी होते. आतून तिने "जाते वेळी दार लोटून घे" असं सांगितलं, अगदी साध्या आवाजात.

त्यानंतरही मी फोन करत असे. ती उचलायची, कशी आहेस विचारायची, मुलांची शाळा, नवऱ्याची पाळी, मंदी, एवढं सांगून ठेवून द्यायची. भेटायला येते म्हटलं की त्या दिवशी तिचं काहीतरी काम निघायचं. लूमचा धंदा त्या काळात बसत चालला होता, कारखाने बंद होत होते. एक दिवस तिचा नंबर लागेना. मी तिच्या खोलीवर गेले तेव्हा तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारणीने सांगितलं, ते लोक सुरतला गेले, तिकडे काम आहे. मी विचारलं, माझ्यासाठी काही सांगून गेली का. शेजारीण आठवायचा प्रयत्न करत राहिली, मग म्हणाली, "नहीं, मैडम. आपका तो कुछ बोली नहीं."